वसंताची वर्दी

पंचांगात वसंत ऋतूचा अंमल चैत्र-वैशाख या दोन महिन्यांवर लिहिलेला असतो, आणि वसंतपंचमी मात्र माघ शुद्ध पंचमीला, म्हणजे चैत्र उजाडण्याच्या पावणेदोन महिने आधीच येऊन जाते. या विसंगतीचा उलगडा मला शाळेत कोणी करून दिला नाही, तो पुढे बऱ्याच वर्षांनी आमच्या पुण्याच्या घरामागील दोन गुंठ्यांच्या परसाने करून दिला. चैत्रात येतो तो वाजतगाजत येणारा, सर्वांना दिसणारा वसंत. त्याची वर्दी घेऊन निघालेले जासूद माघातच येऊन पोहोचलेले असतात, आणि ते इतक्या हलक्या पावलांनी येतात की ज्याने त्यांची वाट पाहिलेली नाही त्याला ते आल्याचे कळतही नाही. ज्यांच्या दारी चार झाडे आहेत, अथवा सज्ज्यात चार कुंड्या आहेत, अशा वाचकांसाठी हे लिहीत आहे. आणि माझी सगळी मसलत एवढीच आहे की या दिवसांत बागवानाने हात आवरावा, डोळे उघडे ठेवावेत, आणि जे थोडे काम खरोखरीच करावयाचे आहे ते मात्र मुदतीत करावे.

आपल्यापैकी पुष्कळांच्या मनातील वसंताचे चित्र इंग्रजी क्रमिक पुस्तकांनी रंगविलेले असते. बर्फ वितळते, ओल्या मातीतून क्रोकस आणि डॅफोडिल यांचे कंद कोंब वर काढतात, आणि चार महिने निजलेली भूमी जागी होते. त्या देशी ते चित्र यथार्थच आहे. परंतु तेच मनात धरून माघातल्या दख्खनी बागेत उतरले तर दिसतो तो पाचोळा, धूळ आणि उघडीबोडकी फांदी, आणि वसंत अद्याप दूर आहे अशी समजूत करून घेऊन आपण घरात परततो. आपल्याकडील पुष्कळ झाडांत जुने पान गळणे आणि नवे पान फुटणे यांच्यामध्ये जेमतेम आठवड्या-दोन आठवड्यांचा अवकाश असतो, आणि कित्येकदा तर एकाच फांदीवर खाली पिवळे पान लोंबत असते व शेंड्याला तांबूस कोंब उभा असतो. पाऊस जाऊन चार महिने लोटलेले, पुढचा पाऊस यावयास आणखी चार महिने. जमिनीला भेगा पडू लागलेल्या. आणि नेमक्या याच वेळी झाड पालवते, हे खरे म्हणजे मोठे नवल आहे. त्याचे कारण झाडाच्या व्यवहारात आहे. पाने असतात तोवर त्यांच्यावाटे पाणी उडून जात असते. पाने टाकली की तो खर्च थांबतो, खोल गेलेल्या मुळांनी ओढलेले पाणी खोडात व फांद्यांत शिलकीला पडते, आणि त्या शिलकीवर डोळे फुगून उमलतात. शिवाय दिवसही वाढत असतो. आमच्या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीचा सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा असतो आणि २१ मार्चच्या सुमारास तो १२ तासांचा होतो. ही तासाभराची बढती आपल्या लक्षात येत नाही, पण झाडे तिची नोंद चोख ठेवतात. पाऊस येईल तेव्हा पान तयार पाहिजे, म्हणून ती पावसाच्या आधी कामाला लागतात.

म्हणून पहिली सूचना ही, की बागेत बसण्याची एक जागा मुक्रर करावी आणि संक्रांतीनंतर दररोज सकाळी, ऊन झाडांच्या शेंड्यांवर यावयाच्या वेळेस, तेथे पाव तास बसावे. जागा रोज बदलू नये. बाग हिंडून पाहणाऱ्याला झाडे दिसतात. एका जागी बसणाऱ्याला फरक दिसतो, आणि वसंताची पहिली चिन्हे ही सगळी फरकाच्याच स्वरूपाची असतात. फेब्रुवारीत आमच्याकडे पहाटे पारा १२-१३ अंशांवर असतो आणि दुपारी ३१-३२ वर जातो, तेव्हा शाल पांघरून बसावे आणि शाल खांद्यावरून उतरावीशी वाटेपर्यंत बसावे, हे माझे माप आहे.

बसल्या जागेवरून काय पाहावे, याचे एक उदाहरण देतो. आमच्या मागल्या भिंतीच्या फटीत एक पिंपळ उगवलेला आहे. भिंतीला अपाय होतो म्हणून तो उपटावा असे सर्वांचे मत पडते, आणि मी दरवर्षी ‘पाडव्यानंतर पाहू’ म्हणून ते काम लांबणीवर टाकतो. फाल्गुनाच्या आरंभी त्याच्या प्रत्येक डहाळीच्या टोकाला एक निमुळते, आवळून गुंडाळलेले आवरण दिसू लागते, मेणबत्तीच्या वातीएवढे. एके दिवशी ते सैल होते, आणि आतून पान निघते ते पानासारखे नसतेच. ओल्या रेशमासारखे मऊ, खाली मान टाकलेले, तांब्याच्या नव्या भांड्याचा रंग आणि त्यावर गुलाबी झाक. त्यातून ऊन आरपार जाते आणि शिरा मोजता येतात. हा तांबडेपणा कोवळ्या पानात आधी साठलेल्या रंगद्रव्याचा असतो. हिरवे द्रव्य मागाहून भरते, आणि तोवर प्रखर उन्हापासून कोवळ्या पेशींचे रक्षण करण्यास तो उपयोगी पडतो. तीन-चार दिवसांत पान मान वर करते, आठवड्यात पोपटी होते, आणि मग ते इतर पानांसारखे एक पान होऊन जाते. त्या पहिल्या तीन दिवसांचा साक्षीदार होण्यासाठी वर्षभर भिंतीची थोडी झीज सोसावी लागली तर मी ती सोसतो. वाचकांपैकी ज्यांच्या अंगणात पिंपळ नाही त्यांना हीच शोभा आंब्याच्या नव्या पानांत, जांभळात आणि दालचिनीत पाहता येईल. आणि फाल्गुन-चैत्रात सह्याद्रीतून अथवा कोकणातून प्रवासाचा योग आला तर कुसुमाचे झाड अवश्य पाहावे, कारण त्याची संपूर्ण पालवी रक्तवर्ण असते आणि दुरून ते झाड फुललेलेच वाटते.

दुसरी सूचना दप्तराची. एक साधी वही करावी आणि तिच्यात एका बाजूस तिथी व दुसऱ्या बाजूस इंग्रजी तारीख घालून जे जे प्रथम दिसले वा ऐकू आले ते एका ओळीत लिहावे. कालिदासाचा ‘ऋतुसंहार’ ग्रीष्मापासून सुरू होऊन वसंतावर संपतो, दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ चैत्रापासून आरंभ करते; बागवानाने मात्र वहीचे पहिले पान संक्रांतीला उघडावे अशी माझी शिफारस आहे, कारण मघाशी म्हटलेल्या जासुदांची ये-जा तेव्हापासूनच सुरू होते. आंब्याला मोहोराचा पहिला तुरा, शेवग्याला फूल, कुंदाचा बहर ओसरला तो दिवस, तांबटाची पहिली हाक, दयाळाचे पहाटेचे पहिले गाणे, लिंबाच्या फुलांचा वास, पांढऱ्या चाफ्याच्या टोकाला फुटलेला अंकुर, कोकिळाचा पहिला स्वर. (कोकिळा गाते असे आपण सर्रास लिहितो, गातो तो नर, ही दुरुस्तीही वहीतच करून टाकावी.) एका वर्षाची वही म्हणजे केवळ यादी, पण पाच वर्षांच्या वह्या शेजारी ठेवल्या की त्यांतून आपल्या बागेची वहिवाट दिसू लागते: थंडी चांगली पडलेल्या साली मोहोर कसा धरला, ढगाळ हवेच्या साली तो कसा काळवंडला, कोणते झाड दरसाल आधी जागे होते आणि कोणते सर्वांच्या मागून. तिथी व तारीख दोन्ही लिहावयाचे कारण असे की अधिक मास आला की तिथी पुढेमागे सरकतात. झाडे सूर्याच्या हिशेबाने चालतात, सण मात्र चंद्राच्या, आणि दोन्ही हिशेब हाताशी असल्याखेरीज ताळा जमत नाही.

आता हात आवरण्याविषयी. माघ-फाल्गुनात बाग अस्ताव्यस्त दिसते हे खरे, आणि नीटनेटकेपणाची आवड असलेल्या मनुष्याला ती पाहवत नाही. मलाही पूर्वी पाहवत नसे. बागकामाला आरंभ केला त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मी पांढऱ्या चाफ्याच्या निष्पर्ण, सुरकुतलेल्या फांद्या पाहून त्या वाळल्या आहेत असा समज करून घेतला, आणि करवत घेऊन त्यांचे शेंडे सफाईने उतरविले. चाफ्याचा फुलोरा फांदीच्या टोकालाच येतो हे मला ठाऊक नव्हते. त्या वर्षी चैत्र-वैशाखात साऱ्या आळीतील चाफे फुलले आणि आमच्या चाफ्याने छाटलेल्या ठिकाणी नुसती पाने काढली. आईने देवासाठी शेजारून फुले मागून आणली आणि मला एका शब्दाने काही म्हटले नाही, म्हणूनच ती गोष्ट आजवर लक्षात राहिली. तेव्हापासून माझा नियम असा की फांदी मेली आहे की झोपली आहे याची खातरजमा केल्याखेरीज हत्यार लावावयाचे नाही. नखाने साल किंचित खरवडावी. आत हिरवा थर दिसला, किंवा चाफ्यासारख्या झाडात पांढरा चीक आला, तर फांदी जिवंत आहे. आत तपकिरी, कोरडे लाकूड लागले तरच ती वाळलेली.

आणि खरोखर वाळलेली फांदीही तोडण्यापूर्वी तिच्या खालच्या अंगाला नजर टाकावी. तांबट हा चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, कपाळ व छाती तांबडी असलेला पक्षी वाळक्या फांदीला खालून कोरून आपली ढोली करतो, आणि तांबे ठोकावे तशी त्याची जी एकसुरी टुक् टुक् दुपारभर ऐकू येते ती याच हंगामात जोर धरते. लहानसे वाटोळे भोक दिसले, अथवा खाली जमिनीवर ताजा भुसा पडलेला दिसला, तर ती फांदी पावसाळ्यापर्यंत त्याच्या नावावर चढवून टाकावी. खाली मुलांची वर्दळ असेल आणि फांदी पडण्याचे भय असेल तर गोष्ट निराळी. तेथे माणसाचा जीव आधी.

पाचोळ्याचेही तसेच. सकाळी उठून पाला झाडावा, ढीग करावा आणि काडी लावावी, ही आपल्याकडची जुनी आणि वाईट खोड आहे. त्या धुराने शेजारच्या मोहोराचे आणि शेजाऱ्याच्या छातीचे नुकसान होते ते होतेच, शिवाय वर्षभराचे खत जळून जाते. पायवाट तेवढी झाडावी. बाकीचा पाला झाडांच्या आळ्यांत तीन-चार बोटे जाडीने पसरावा, खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडावी म्हणजे बुंध्याशी ओल कोंडत नाही, आणि वाळवीचा उपद्रव असेल तर अधूनमधून तो उलथापालथा करीत राहावे. उरलेला खड्ड्यात घालून वर माती व शेणकाला टाकला तर पुढच्या हिवाळ्याला काळे, भुसभुशीत पानखत हाती येते.

हात आवरा असे इतक्या आग्रहाने सांगितल्यावर ज्या एका झाडाच्या बाबतीत हात आवरणे हाच प्रमाद ठरतो त्याच्याकडे वळतो. ते झाड मोगऱ्याचे. मोगरा नव्या फुटव्यावर फुलतो. जुन्या, लांबलेल्या काड्यांवर नव्हे. म्हणून वसंतात मोगरा हवा असेल तर त्याची तजवीज हेमंतातच करावी लागते. मार्गशीर्षाच्या अखेरीपासून झुडपाचे पाणी तोडावे, म्हणजे जमिनीतील झुडपाला तीन-चार आठवड्यांचा ताण बसतो. पाने पिवळी पडून निम्मीशिम्मी गळू लागली की ताण पुरला असे समजावे. कुंडीतील मोगऱ्याला हा ताण बेतानेच द्यावा, कारण कुंडीची माती आठ-दहा दिवसांतच दगडासारखी होते. पाने मलूल झाली की थोडे पाणी दाखवावे. मग संक्रांतीच्या पुढे-मागे छाटणी. झुडूप हात-दीड हात उंचीवर राखावे, मेलेल्या, बारीक आणि एकमेकींवर घासणाऱ्या काड्या मुळाशी काढाव्यात, शिल्लक पाने हातांनी ओरबाडून टाकावीत. कात्रीला धार असावी. चेचलेली काडी टोकाकडून वाळत जाते. त्यानंतर खुरप्याने बुंध्याभोवतीची माती चार-पाच बोटे खोल मोकळी करून एक-दोन दिवस तशीच ऊन खाऊ द्यावी, पुरते कुजलेले शेणखत जमिनीतील मोठ्या झुडपास दोन घमेली आणि कुंडीस दोन-तीन ओंजळी घालावे, माती पुन्हा ओढावी आणि भरपूर पाणी द्यावे.

यानंतर काही दिवस जे दिसते ते मन खचविणारे असते: अंगणात काट्याकुट्यांचा एक खुंट. आठव्या-दहाव्या दिवशी त्याच्यावर डोळे दिसू लागतात, मोहरीएवढे, जांभळट. तेथून ते रोज पाहावेत. चार-सहा आठवड्यांत, म्हणजे शिमग्याच्या सुमारास, फुटव्यांच्या टोकाला तीन-तीन हिरव्या कळ्यांचा झुबका येतो, आणि मधली कळी सर्वांत आधी पांढरी होते. मोगऱ्याला निदान पाच-सहा तासांचे ऊन पाहिजे. सावलीतला मोगरा पाने काढतो आणि माणसाची निराशा करतो. आणि ज्याची छाटणी यंदा राहून गेली असेल त्याने फाल्गुनात घाईने ती करू नये. शेंडे चार-चार बोटे खुडावेत, खतपाणी द्यावे, आणि पुढल्या संक्रांतीची तारीख वहीत आताच मांडून ठेवावी.

आंबा ज्यांच्या दारी आहे त्यांना थोडे सांगणे आहे. मोहोराच्या एका तुऱ्यावर फुले शेकड्यांनी असतात, त्यांतील पुष्कळशी केवळ नरफुले, आणि फळ धरते ते बोटांवर मोजण्याइतके. म्हणून मोहोर गळतो याची चिंता करीत बसू नये. मोहोर फुटण्याच्या तोंडावर झाडाला पाणी देऊ नये, नाही तर मोहोराऐवजी पालवीच फुटते. कैरी वाटाण्याएवढी झाली की मग पाणी सुरू करावे. तुडतुडे आणि भुरी हे मोहोराचे दोन वैरी, आणि त्यांसाठी फवारणी करणे भाग पडले तर ती फुले उमलण्यापूर्वी करावी. भर फुलोऱ्यात औषध मारले की ज्या माश्यांच्या व किड्यांच्या अंगाखांद्यावरून परागांची ने-आण होते त्यांचाच बळी जातो, आणि मग फळ कमी का धरले याचा शोध आपण भलतीकडे करतो. लिंबाचा जो बहार याच दिवसांत येतो त्याला बागाईतदार आंबे बहार म्हणतात, कारण तो आंब्याच्या मोहोराबरोबर येतो. पावसाच्या आरंभीचा तो मृग बहार आणि पावसाच्या अखेरीचा तो हस्त बहार. लिंबाच्या कोवळ्या पानांवर पाखराच्या शिटेसारखी दिसणारी अळी आढळली तर तिला चिरडू नये. ती काही दिवसांत हिरवी होईल, कोशात जाईल आणि पिवळ्या-काळ्या ठिपक्यांचे फुलपाखरू होऊन बाहेर पडेल. मोठ्या झाडाला तेवढी चार पाने सहज परवडतात. रोप लहान असेल तर अळी उचलून शेजारच्या बेलावर सोडावी, तेथेही तिचा चरितार्थ चालतो.

हंगामी फुलझाडांवर मात्र या दिवसांत फार भिस्त ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. जानेवारीच्या अखेरीस पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधले पुष्पप्रदर्शन पाहून आलेला मनुष्य डेलिया, पिटुनिया, साल्व्हिया यांच्या मोहात पडतो, कुंड्या घेऊन येतो आणि मार्चच्या मध्याला त्या वाळताना पाहतो. ती शिशिराची मंडळी आहेत. वसंत म्हणजे त्यांच्या निरोपाची वेळ. त्याच बागेत गेल्यावर जुन्या प्रचंड वृक्षांच्या खाली जरा थांबून वर पाहावे, कोणत्या फांदीवर डोळा फुगला आहे ते शोधावे. ते शिक्षण विकत घ्यावे लागत नाही.

ज्यांच्यापाशी केवळ सज्जा आहे त्यांनीही आपल्याला वसंत नाही असे समजू नये. गेल्या सालच्या आधीच्या साली माझ्या बहिणीच्या तिसऱ्या मजल्यावरील सज्ज्यात, वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीपासून दोन हातांवर, डाळिंबाच्या कुंडीतल्या एका लोंबत्या डहाळीला शिंजिराच्या मादीने घरटे बांधले. कोळिष्टके, सालीचे धागे, वाळकी पाने, कागदाचा एक तुकडा; लांबून पाहिले तर वाऱ्याने अडकलेला केर वाटावा असे ते दिसत होते, आणि बहिणीने तसेच समजून केरसुणी उचललीही होती, इतक्यात त्याच्या बाजूच्या भोकातून एक बाकदार चोच बाहेर आली. नर या दिवसांत निळ्या-जांभळ्या झळाळीचा, जवळजवळ काळा दिसतो. मादी साधी, वरून करडी आणि खालून फिकट पिवळी, आणि बांधकाम तीच करते. दोन आठवडे उबवणी आणि तितकेच दिवस पिलांचे. तेवढ्या मुदतीत कपडे दुसरीकडे वाळले, कुंडीला पाणी पहाटे, हळू, झारीचे तोंड मातीला लावून घातले गेले, आणि घरातली लहान मुले सज्ज्याच्या दाराशी आली की आपसूक पाय न वाजविता चालू लागली.

पाणी हा या दिवसांतला खरा तगादा. होळीनंतर कुंडीला रोज आणि जमिनीला तीन-चार दिवसांआड पाणी लागते. ते सकाळी द्यावे, आणि मोठ्या झाडाला बुंध्याशी न देता फांद्यांचा घेर जेथे संपतो तेथे द्यावे, कारण पाणी पिणारी बारीक मुळे तेथे असतात. पाखरांसाठी एक परळ भरून सावलीत ठेवावे आणि त्याचे पाणी रोज बदलावे.

पुढे पाडवा येतो तेव्हा कडुनिंबाला कोवळी पाने आणि बारीक पांढरी फुले दोन्ही आलेली असतात. गुढीसाठी डहाळी आपण तोडतोच. तोडण्यापूर्वी क्षणभर झाडाखाली उभे राहावे, म्हणजे त्या कडू झाडाच्या फुलांचा मधासारखा गोड वास येतो. त्याच सुमारास मोगऱ्याची पहिली फुले उमलतात. पहिल्या दिवशी ती सात-आठच असतात, गजऱ्याला पुरत नाहीत आणि हारालाही पुरत नाहीत. आमच्याकडे ती संध्याकाळी, कळ्या नुकत्या सैल होऊ लागल्या की काढतात, आणि त्या झुडपावर वर्षभर कसलेही औषध मारलेले नसते म्हणून निःशंकपणे धुऊन माठातल्या पाण्यात सोडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी घरातला प्रत्येक जण पाण्याचा पहिला घोट घेऊन भांडे जरा वेळ नाकाशी धरून उभा असतो.